नोराचा दुसरा शेवट

नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याच्या ‘बाहुलीचं घर’ (इंग्रजीत ‘अ डॉल्स हाउस’) या नाटकातली नोरा नवरा आणि तीन मुलं सोडून जाते, हे नाटक न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. म्हणून कथानक सांगत बसत नाही. आपल्याकडे फारसं बोललं जात नाही ते हे, की १८८० साली जर्मनीतल्या काही रंगमंचांवर नोरा गेलीच नाही. आणि तिच्या न जाण्याचा प्रवेश दुसऱ्या कुणी घुसडलेला नव्हता, तो खुद्द इब्सेनने लिहून दिला होता.

त्याआधीचं थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात लग्नावरची नाटकं चालत ती बहुतेक फ्रेंच वळणाची. त्यांतल्या बायकोची अडचण प्रियकराची असे, पैशाची क्वचितच. चुकीच्या हाती पडलेलं पत्र, शेवटच्या अंकात फुटणारं गुपित, हा सगळा सांगाडा इब्सेनला तोंडपाठ होता, कारण १८५०च्या दशकात बर्गेनच्या नाट्यगृहात सहा वर्षं त्याने तीच नाटकं उभी केली होती. नोराच्या नाटकातही तिचं गुपित फोडणारं पत्रच आहे. पण ते पडतं कुलूपबंद पत्रपेटीत आणि किल्ली असते एकट्या नवऱ्याकडे. आतलं पाकीट नोराला काचेतून दिसतं, काढता येत नाही. इथून पुढचं नाटक फ्रेंच राहत नाही.

कायद्याची स्थितीही त्या पेटीसारखीच होती. नॉर्वेत १८६३ साली पंचवीस वर्षांवरच्या अविवाहित बाईला कायद्याने सज्ञान मानलं गेलं. लग्न झालं की मात्र ती पुन्हा नवऱ्याच्या पालकत्वाखाली. पहिल्याच अंकात नोराची मैत्रीण सहज बोलून जाते, की बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही. आजच्या वाचकाची नजर या वाक्यावरून घसरते, पण सगळं नाटक त्यावरच टेकलेलं आहे. आजारी नवऱ्यासाठी नोराने गुपचूप काढलेलं कर्ज बाराशे स्पेसीडालरचं, म्हणजे चार हजार आठशे क्रोनर. रक्कम ती दोन्ही हिशेबांत सांगते, कारण तिथे नाणी नुकतीच बदलली होती. आपल्याकडे नवे पैसे आल्यावरही बाजारात ‘चार आणे’ चालूच राहिले तसं. जामीन म्हणून वडिलांची सही, तीही तिनेच केलेली. सहीखाली तारीख २ ऑक्टोबर, वडील वारले २९ सप्टेंबरला. त्या तीन दिवसांत बाई गुन्हेगार ठरते.

हे इब्सेनला सुचलं कुठून, तर ओळखीतून. त्याच्या घरी येणारी एक तरुण लेखिका होती. क्षयी नवऱ्याला उबदार हवेच्या देशात न्यायला तिने गुपचूप कर्ज काढलं, फेडता येईना तेव्हा खोट्या सहीचा आधार घेतला. नवऱ्याला कळल्यावर तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. पुढे मुलांसाठी ती त्याच घरी परतली. इब्सेन तिला लाडाने चंडोल म्हणत असे. नाटकात नोराचा नवरा हेल्मर तिला तेच म्हणतो. नोरा गाजली तसं लोक या बाईकडे बोट दाखवू लागले आणि ते तिला जन्मभर पुरलं. स्त्रीस्वातंत्र्याच्या इतिहासात नोराला मिळालेली जागा पाहिली की मला आधी ही बाई आठवते.

नाटक ४ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनला पुस्तकरूपाने आलं. आठ हजार प्रती महिनाभरात संपल्या. २१ डिसेंबरला तिथेच पहिला प्रयोग झाला. तिथवर नोरा जात होती.

आता जर्मनी. तिथल्या एका नामवंत नटीला ही भूमिका हवी होती, पण शेवट नको होता. मी माझ्या मुलांना कधीच सोडून जाणार नाही, असं तिचं म्हणणं. दुसरीकडे, स्कँडिनेव्हियातल्या लेखकाला जर्मनीत लेखनहक्काचं संरक्षण मिळेल असा करारच नव्हता. कुणीही भाषांतर करावं, हवा तसा शेवट जोडावा, लेखकाने दुरून पाहत राहावं. जर्मन भाषांतरकाराने कळवलं, की उत्तरेकडची नाट्यगृहं शेवट बदलतील अशी लक्षणं आहेत. परक्याने कापण्यापेक्षा आपणच कापलेलं बरं, असा विचार करून इब्सेनने पर्यायी शेवट लिहून पाठवला. मग १७ फेब्रुवारी १८८० रोजी एका डॅनिश वर्तमानपत्राला पत्र लिहून हा बदल म्हणजे नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असंही जाहीर करून टाकलं.

प्रवेश जेमतेम पाऊण पानाचा. नोरा निघालेली असते. हेल्मर तिचा दंड धरतो, जायचंच असेल तर मुलांना शेवटचं पाहून जा म्हणतो आणि तिला ओढत मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो. दार हलकेच उघडतो. मुलं झोपलेली. उद्या उठून ती आईला हाका मारतील तेव्हा ती आईविना झालेली असतील, असं तो म्हणतो आणि वर जोडतो, ‘तू होतीस तशी.’ हा घाव नेमका आहे. नोरा दाईच्या हातची वाढलेली. तिच्या हातातली प्रवासाची पिशवी गळून पडते. मी स्वतःशी पाप करते आहे, पण यांना सोडून जाववत नाही, असं म्हणत ती दारापाशी खाली बसते. हेल्मर आनंदाने ‘नोरा!’ म्हणतो. पडदा.

रंगभूमीच्या इतिहासात या प्रकरणाचं खापर नेहमी त्या नटीच्या माथी फुटतं. मला ते पटत नाही. ती जे बोलली तेच प्रेक्षागृहातली बहुतेक माणसं मनात म्हणत होती. तिने ते उघड म्हटलं आणि स्वतःचं नाव त्याखाली घातलं. शिवाय बदललेला शेवट चालेना तेव्हा तिने मूळ शेवटाने प्रयोग केले, हे सांगायचं राहून जातं. इब्सेनची बाजू मला जास्त गुंतागुंतीची वाटते. बाईच्या सहीला किंमत नाही यावर नाटक लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सहीला सरहद्दीपलीकडे किंमत नव्हती. त्याने नोरासारखंच केलं: कायदा साथ देत नाही म्हटल्यावर मिळेल तो आडमार्ग धरला आणि नंतर त्याची बोच बाळगली. नॉर्वे लेखनहक्काच्या बर्न करारात आला तो १८९६ साली.

एका शब्दाबद्दल सांगायलाच हवं. मूळ नाटकाच्या शेवटी ‘दार धाडकन बंद होतं’ असं आपण म्हणतो. मूळ रंगसूचनेत खोलीचं दार नाहीच. शब्द आहे ‘पोर्ट’, म्हणजे इमारतीचा खालचा, रस्त्याकडचा दरवाजा. आपल्या वाड्याला दिंडी असते तसा. नोरा बैठकीतून जाते, जिना उतरते, आणि तेवढ्या वेळात हेल्मर वर एकटा असतो. तो तिला हाक मारतो, रिकामी खोली पाहतो, मग एकदम त्याला आशा वाटू लागते, तिने उच्चारलेला ‘सर्वांत मोठा चमत्कार’ हा शब्द तो पुन्हा उच्चारतो, आणि तेवढ्यात खालून दरवाजाचा दणका येतो. रंगमंचावरचंच दार आपटलं तर ही आशा फुटायला जागाच उरत नाही.

पुढे गाडी वेगाने गेली. १८८१ साली इब्सेनचं ‘भुतं’ हे नाटक आलं; त्यातली बाई घरी राहिलेली आहे आणि राहण्याची किंमत मुलगा मोजतो. जर्मन नाट्यगृहांना दिलेलं ते खरं उत्तर. लंडनला १८८४ साली नोराच्या नाटकाचं जे रूपांतर झालं त्यात नवराच आळ स्वतःवर घेतो आणि बायको घरी राहते. अस्सल शेवट तिथे १८८९ साली दिसला. १८८४ मध्येच इब्सेनने विवाहितेच्या स्वतंत्र मालमत्तेसाठी नॉर्वेच्या संसदेकडे गेलेल्या अर्जावर सही केली, आणि १८८८ साली कायद्याने विवाहितेवरचं नवऱ्याचं पालकत्व गेलं. तरीही १८९८ साली तिथल्या स्त्रीहक्क संघटनेने सत्कार केला तेव्हा तो म्हणाला, की आपण जाणूनबुजून स्त्रीहक्कांसाठी काम केलं असा मान आपल्याला घेता येणार नाही. या वाक्यावरून आजही दोन तट पडतात. मला वाटतं, अर्जावरची सही भाषणापेक्षा जास्त बोलते.

१९२३ साली पेकिंगच्या एका महिला महाविद्यालयात एका चिनी लेखकाने नोरा गेल्यानंतर काय, असा थेट प्रश्न विचारला. तिच्या पिशवीत पैसे नसतील तर एक तर ती बिघडेल नाही तर परत येईल, असं त्याचं उत्तर होतं. म्हणजे गाडी पुन्हा त्या बाराशे स्पेसीडालरवर आली.

मराठीत हे वारं उशिरा आणि आडवाटेने पोचलं. १८९९च्या ‘संगीत शारदा’त जरठाच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी सुटते ती वधूवर सगोत्र निघाल्यामुळे, शास्त्रच तिला सोडवतं, आणि तिची भूमिका पुरुष करत असे. १९३३चं ‘आंधळ्यांची शाळा’ नॉर्वेजियन नाटकावरूनच आलं, पण ते इब्सेनचं नव्हे, त्याच्या समकालीनाचं. बाईकडून जी शुद्धता मागता ती पुरुषाकडूनही हवी, हा त्यातला वाद, आणि त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. नोरा स्वतः मराठीत आली ती पुढे, ‘घरकुल’ या नावाने. हे नाव मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतं. मूळ नावातला शब्द ‘हुस’ नाही, ‘येम’ आहे. इमारत नव्हे, माणसं नांदतात ते घर. भातुकलीतलं आणि नांदतं, अशी दोन्ही घरं ‘घरकुल’मध्ये एकदम बसतात. आता हा शब्द सरकारी योजनेच्या लाभार्थी यादीतच जास्त भेटतो.