गरम पंपावर ओलं पोतं

मे महिन्यात दुपारी तीनला सोलापूरच्या रस्त्यावर दोनच गोष्टी दिसतात: पाण्याचे टँकर आणि टँकरची वाट बघणारी माणसं. परवा जुन्या बोरामणी नाक्याजवळ असाच एक टँकर बंद पडला होता. मूळची गाडी टाटा 1210, ट्रक म्हणून निवृत्त होऊन पाठीवर टाकी घेतलेली. ड्रायव्हरनं चहासाठी इंजिन बंद केलं. पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारला तर नुसतं खर्र-खर्र. मग त्यानं बॉनेट उघडलं, मागच्या टाकीतलंच बादलीभर पाणी डिझेल पंपावर हळूहळू सोडलं, वर ओलं पोतं गुंडाळलं आणि पुढच्या लिंबू-मिरचीला हात लावून नमस्कार केला. दहा मिनिटांत गाडी एका झटक्यात सुरू.

"आत डिझेलची वाफ होते ओ," तो मला म्हणाला. "पाणी मारलं की बसते बघा."

बघ्यांपैकी एकानं श्रेय लिंबाला दिलं. लिंबाचं सोडून देऊ. पण वाफेची समजूत चांगल्या जाणत्या ड्रायव्हरांच्याही तोंडी असते, आणि ती चूक आहे. वाफेचा त्रास पेट्रोलचा. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. डिझेल उकळायचं तर पारा दीडशेच्या पुढे न्यावा लागतो. इतका तापलेला पंप ओल्या पोत्यानं दहा मिनिटांत हाताला सोसवेल असा झाला नसता.

मग पाण्यानं केलं काय?

त्यासाठी पंपाच्या पोटात शिरावं लागेल, आणि माझ्या मते ट्रकमधली सगळ्यात सुंदर वस्तू तिथंच आहे. आधी एक हिशेब. भरलेला जुना ट्रक ताशी 48 किलोमीटरनं चाललाय आणि लिटरला 4 किलोमीटर देतोय असं धरा. म्हणजे तासाला 12 लिटर डिझेल. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतंय. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला एकदा डिझेल लागतं. सहा सिलिंडरचे मिळून तासाला 3,60,000 फवारे झाले. 12 लिटर इतक्यांत वाटलं तर एका फवाऱ्याला साधारण 33 घन मिलिमीटर येतं. डोळ्यांत घालायच्या ड्रॉपरचा एक थेंब 50 घन मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे थेंबाचा दोन तृतीयांश भाग, तोही वातावरणाच्या सुमारे 200 पट दाबानं, सहाही सिलिंडरला सारखा आणि सेकंदाला शंभर वेळा. 1897 मध्ये रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं तेव्हा इंधन आत फुंकायला दाबलेली हवा वापरत आणि तिचा कॉम्प्रेसर इतका अवजड होता की ते इंजिन गाडीवर चढणं अशक्यच. 1927 पासून बॉश कंपनीनं हे काम करणारे पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतले, आणि ट्रकला डिझेल इंजिन खऱ्या अर्थानं परवडू लागलं.

पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर असतो, म्हणजे करंगळीपेक्षा बारीक पोलादी दांडा, आणि तो ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं म्हणजे बॅरल. या जोडीला मेस्त्री 'एलिमेंट' म्हणतात. गंमत अशी की ॲक्सिलरेटर दाबा किंवा सोडा, प्लंजर दर वेळी तेवढाच वर जातो. मग डिझेल कमी-जास्त होतं कसं? उसाचं एक कांडं डोळ्यांपुढे आणा. वरून सरळ कापलेलं, खालून कोयत्यानं तिरकं. त्याची एक बाजू लांब, दुसरी आखूड. प्लंजरच्या अंगावर अशीच एक तिरकी खाच असते. प्लंजर वर जाताना त्याची वरची कड बॅरलचं भोक बंद करते आणि तिथून डिझेल दाबलं जायला सुरुवात होते. खालची तिरकी कड त्याच भोकापाशी पोचली की वाट मोकळी होऊन दाब कोसळतो आणि फवारा संपतो. ॲक्सिलरेटरला जोडलेली दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, प्लंजरला फक्त स्वतःभोवती थोडं फिरवते. भोकासमोर लांब बाजू आली तर डिझेल जास्त, आखूड आली तर कमी. मापायला झडप नाही, तोटी नाही, सगळं गणित त्या तिरक्या खाचेत.

8 मिलिमीटर व्यासाच्या प्लंजरचं क्षेत्रफळ 50 चौरस मिलिमीटर होतं. 33 घन मिलिमीटर डिझेल ढकलायला त्याला दाब धरून जेमतेम 0.66 मिलिमीटर सरकावं लागतं. नखाच्या जाडीएवढ्या त्या अंतरात काय ते काम!

आता मुद्द्याची गोष्ट. इथं ना रबरी सील, ना रिंग. प्लंजर आणि बॅरल यांच्यात दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-चार हजारांशांची, फट असते; आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड. त्या फटीतलं डिझेल हेच वंगण आणि तेच सील. दाब वाढला की थोडं डिझेल तिथून खाली झिरपतं, नव्या पंपात नगण्य. पण फिल्टर चुकवून गेलेली बारीक धूळ वर्षानुवर्षं घासते आणि फट रुंदावते. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होईल असं वाटतं ना? होते आठपट. भिंतींना लागून असलेला द्रव भिंतीला चिकटून राहतो, वाहतो तो मधला. फट दुप्पट केली की मधल्या द्रवाचा वेग चौपट होतो आणि वाट स्वतः दुप्पट रुंद होते, म्हणून दोनाचा घन. इथं थोडं गणित झालं, पण हा घन लक्षात ठेवा. जुन्या यंत्रांची निम्मी दुखणी त्याच्यातच आहेत.

गळती द्रवाच्या दाटपणावरही असते. त्याला शास्त्रीय नाव श्यानता. डिझेल 40 अंशांवरून 80 वर गेलं की दाटपणा जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणजे गळती आणखी दुप्पट. आठ दुणे सोळा. गाडी चालू असताना टाकीतून येणारं ताजं डिझेल पंपाला थंड ठेवतं. इंजिन बंद केलं की ते थांबतं आणि शेजारच्या इंजिनाच्या ब्लॉकची धग पंपात मुरते. चहा पिऊन येईपर्यंत पंप चालत्या गाडीपेक्षा जास्त तापलेला असतो. त्यात स्टार्टर इंजिनाला मिनिटाला 150 फेऱ्यांच्या आसपासच फिरवतो. 2000 च्या मानानं प्लंजर तेरापट सावकाश, म्हणजे डिझेलला निसटायलाही तेरापट वेळ. दाब नोझल, म्हणजे सिलिंडरात फवारा सोडणारं तोंड, उघडण्याइतका चढतच नाही. पाणी ओतलं, डिझेल पुन्हा दाट झालं, गळती आवरली, गाडी सुरू. लिंबू बिचारं तोवर उन्हात वाळत होतं.

पाण्याचा उपाय खोटा नाही, पण धोक्याचा आहे. चालत्या गरम पंपावर गार पाणी पडलं की बाहेरचं बॅरल आधी आकसतं आणि आतला प्लंजर जाम होऊ शकतो. त्यातून 'पंपाला चुंबक लावा, ॲव्हरेज वाढवा' असल्या थापा मारून चुंबक विकणारे नाक्यावर भेटतातच. डिझेलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण की फटीतल्या गळतीला त्याचा पत्ताही लागत नाही.

दोष एलिमेंटचाच कशावरून? आधी हवा तपासायची. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करून हातपंप मारला आणि फेस आला तर कुठून तरी हवा शिरतेय. बुडबुडा 200 पट दाबाखाली दोनशेवा हिस्सा होतो, म्हणजे प्लंजरची सगळी मेहनत त्याला चेपण्यातच जाते. फेस नाही, थंड असताना झटक्यात सुरू आणि गरम झाल्यावर हटून बसते, तर पंप उघडायचा. हैदराबाद रोडवरच्या माझ्या ओळखीच्या मेस्त्रींनी या टँकरचा एलिमेंट डिझेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिला. बॅरलचं तोंड आणि भोकं बोटांनी बंद करून प्लंजर खाली ओढायचा आणि सोडायचा. चांगला असेल तर आतल्या निर्वातानं तो टपकन् वर उडी मारतो. हा तिथंच लोंबकळला. प्लंजर उजेडाला धरला तर आरशासारख्या पोलादावर, भोकासमोरच्या जागी, नखाएवढा मळकट पट्टा. एलिमेंट बदलायचा तर जोडीनंच. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलात बसत नाही, आणि बसलाच तर गळतो.

जुन्या गाडीवर पंप मूळचाच असेल असंही नाही, म्हणून आधी पंपावरची पट्टी वाचायची. 'पीईएस 6 ए 80' मधला 6 म्हणजे सिलिंडर, 'ए' म्हणजे पंपाचा आकार आणि 80 म्हणजे प्लंजरचा व्यास मिलिमीटरच्या दशांशांत, म्हणजे 8 मिलिमीटर. पट्टी नसली तर आडव्या रांगेत सहा पाइप निघत असतील तर हा इनलाइन, गोलात निघत असतील तर रोटरी.

या टँकरच्या गिअरबॉक्सचीही तीच कथा निघाली. आवाज करतो म्हणून मालकानं 90 नंबरऐवजी 140 नंबरचं, जास्त दाट ऑइल भरलेलं. आवाज दबला, झीज होती तिथंच. टॉप गिअरला बॉक्स गप्प, बाकी सगळ्यांत गुरगुर. जुन्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा टॉप गिअर थेट असतो, ताकद सरळ पार होते आणि खालचा काउंटर शाफ्ट, म्हणजे बाकीच्या गिअरांत ताकद वाहणारा दांडा, बिनओझ्याचा फिरतो. म्हणजे दुखणं त्याच्या बेअरिंगात. भंगारातून दुसरा बॉक्स आणायचा तर पहिल्या गिअरमध्ये टाकून इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडच्या पुढच्या दांड्यावर, खडूची रेघ मारायची आणि मागचा दांडा एक फेरा घेईपर्यंत पुढचा किती घेतो ते मोजायचं. सात आले तर रेशो सातास एक.

मालकानं दोन्ही कामांचा खर्च ऐकला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "बेअरिंगचं बघा आधी. पंपाचं पावसाळा लागल्यावर बघू." ड्रायव्हरनं पोतं भिजवून पुन्हा बॉनेटखाली कोंबलं.