सव्वा किलोची रायफल: मुलांच्या बोल्ट-ॲक्शनची पूर्वपीठिका

१९०० च्या सुमारास विंचेस्टर कंपनीनं पाच डॉलरची एक रायफल बाजारात आणली. आराखडा जॉन ब्राउनिंगचा. एका वेळी एकच गोळी, १८ इंचांची बारीक नळी, सरळ लाकडी दस्ता आणि सगळं मिळून वजन जेमतेम सव्वा किलो. अमेरिकेत ‘बॉइज रायफल’ नावाचा जो प्रकार पुढं रूढ झाला, त्यात बोल्ट-ॲक्शनचा (हातानं दांडा मागं-पुढं सरकवून गोळी भरायच्या रचनेचा) साचा या मॉडेल १९०० नं घालून दिला. सव्वाशे वर्षांनंतरही मुलांसाठी हलकी रायफल जुळवायला बसलं की त्याच साच्यातले गुण आणि तेच दोष समोर येतात.

तिचं काडतूस तिच्याहून जुनं. पॅरिसच्या फ्लोबेरनं १८४५ मध्ये तांब्याच्या टोपीत छर्रा बसवून दिवाणखान्यात नेमबाजी करता येईल अशी बंदूक केली. स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये त्यावरून .२२ शॉर्ट आणलं आणि स्टीव्हन्स कंपनीनं १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल, म्हणजे आज आपण नुसतं ‘पॉइंट टू-टू’ म्हणतो ते. गोळी ४० ग्रेनची, अडीच ग्रॅमच्या थोडी वर. धक्का जवळजवळ नाहीच. धक्का नाही म्हटल्यावर तो पचवायला वजन लागत नाही, आणि दाब बेताचा असल्यानं बोल्टला मोठे खटकेही लागत नाहीत. ब्राउनिंगच्या रायफलीत बोल्टच्या दांड्याचा बुंधाच कुलपाचं काम करतो. सुटे भाग कमी, म्हणून वजन कमी, म्हणून किंमत कमी.

या रायफली हलक्या झाल्या त्या मुख्यतः स्वस्त करायच्या होत्या म्हणून. मुलाचा खांदा, हाताची लांबी, मान किती वाकते याचा हिशेब त्यात फारसा नव्हता. नळी बारीक केली, दस्ता थोडा आखूड कापला, की झाली मुलाची रायफल. हा समज आजही टिकून आहे आणि निम्म्या तक्रारी त्याच्यातूनच येतात.

एक गोष्ट मात्र तेव्हाच फार विचारपूर्वक केलेली होती. त्या रायफलीचा बोल्ट उघडून बंद केला तरी फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते पेटवणारी कांडी) ताणली जात नसे. मागची गोल मूठ चिमटीत धरून स्वतंत्रपणे ओढावी लागे, तेव्हा कुठं ती डागायला तयार. मूल गोळी भरतं आणि मग ‘आता मारायचं’ हे हातानं वेगळं ठरवतं. पेनसिल्व्हेनियातल्या कीस्टोन कंपनीनं १९९६ मध्ये ‘क्रिकेट’ ही छोटी रायफल काढली तेव्हा हीच युक्ती पुन्हा घेतली. हिची एक अडचण आहे, ती शिकवणाऱ्यानं ओळखून असावी. लहान बोटांना ती मूठ ओढवत नाही, मग मूल रायफल मांडीवर आडवी घेऊन दोन्ही हातांनी ओढू लागतं आणि नळीचं तोंड बाजूला वळतं. जमत नसेल तर प्रशिक्षकानं ओढून द्यावी. आणि कोणतीही युक्ती कपाटाच्या कुलपाची जागा घेत नाही. २०१३ मध्ये केंटकीत कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या, आत गोळी राहून गेलेल्या अशाच मुलांच्या रायफलीनं पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याच्या दोन वर्षांच्या बहिणीचा जीव गेला.

इकडे इंग्लंडात चक्र उलटं फिरलं. बोअर युद्धात सैनिकांची नेमबाजी कमी पडली म्हणून ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या आग्रहानं गावोगाव छोट्या रेंज निघाल्या. १९०१ मध्ये ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ उभी राहिली. २५ यार्डांवर .२२ नं सराव, पण हातात शक्यतो लष्करी मापाची रायफल, कारण उद्या तीच चालवायची. अमेरिकेत १९१९ मध्ये विंचेस्टर ५२ आली आणि क्लबातली टार्गेट रायफल चार किलोंवर जाऊन बसली. १९५० मध्ये जर्मनीतल्या उल्मला नव्यानं उभी राहिलेल्या आन्शुट्झनं १९५४ च्या सुमारास मॅच ५४ ही ॲक्शन (बोल्ट आणि तो बसतो ती चौकट) आणली आणि तिथून पुढं वजन चढतच गेलं. आज ५० मीटरच्या रायफलीला आठ किलोंपर्यंत मुभा आहे, दहा मीटरच्या एअर रायफलीला साडेपाच. म्हणजे मुलापुढं दोनच पर्याय उरले: अचूक पण पेलवत नाही अशी, किंवा पेलवते पण अचूक नाही अशी.

यातून वाट निघाली ती नळीच्या गणितातून. पोलादी नळीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घातानं घटतो. २४ इंच लांब आणि १४ मिलिमीटर जाड नळी घेतली तर वजन सुमारे ६२० ग्रॅम भरतं. त्याऐवजी १६ इंचांची १८ मिलिमीटर जाड घेतली तर सुमारे ७३० ग्रॅम. शंभरेक ग्रॅम जास्त, पण ताठपणा नऊ पटींहून अधिक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातावर पडणारा भार. लांब नळीचं वजन ॲक्शनपासून ३० सेंटिमीटर पुढं लोंबतं, आखूड नळीचं २०. गुणाकार केला तर पहिलीचा ओढा १९ किलो-सेंटिमीटर येतो, दुसरीचा १५. काट्यावर जड असलेली रायफल मुलाच्या हातात हलकी लागते ती यामुळं. म्हणून वजनाचा आकडा विचारण्याआधी रायफल एका बोटावर तोलून बघावी. तोल पुढच्या हाताच्या किंचित मागं, ट्रिगर-गार्डच्या थोडा पुढं यावा.

नळी आखूड केल्यानं वेग जातो ही भीती .२२ ला लागू नाही. दारू इतकी थोडी असते की १६ ते १८ इंचांत तिचं काम संपतं. बाजारात सव्वासोळा इंचांच्या आसपासच्या नळ्या इतक्या का दिसतात, याचं कारण मात्र कायद्यात आहे. १९३४ च्या अमेरिकी कायद्यानं रायफलीच्या नळीला किमान लांबी घातली, ती पुढं .२२ साठी १६ इंच ठरली. कारखानदार त्यावर केसभर जास्त ठेवून मोकळे होतात.

आखूड नळीत खरं नुकसान होतं ते उघड्या साइट्सचं. पुढची आणि मागची साइट ८० सेंटिमीटरवर असतील आणि नेमात दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटर सरकते. तेच अंतर ६० वर आलं की आठ मिलिमीटरच्या वर. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तेव्हा हे दोन मिलिमीटर अंगावर येतात. उपाय म्हणून नळीच्या तोंडाला ॲल्युमिनियमची पोकळ जोडनळी लावून माशी, म्हणजे पुढची साइट, तिच्या टोकावर नेतात. वजन फार वाढत नाही. पण ती नळीच्या अक्षात बसलेली हवी आणि दर सत्राआधी घट्ट आहे ना हे पाहायला हवं. सैल जोडनळीनं ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा ताणला जातो आणि माणूस उगाच गोळ्यांना दोष देत बसतो.

दस्त्याचं माप म्हणजे बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. प्रौढांच्या रायफलीत ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतं, दहा-बारा वर्षांच्या मुलाला अकरा ते बारा लागतं. लांब दस्त्याची खूण लगेच दिसते: मूल पाठीमागं कमरेतून झुकतं, कोपर सरळ होतं, मान पुढं ताणली जाते. अनेकजण इथं करवत घेतात. बट कापलं तर लांबी कमी होते, पण गालाची जागा आणि मुठीचा (दस्ता हातात धरतात त्या जागेचा) घेर प्रौढाचाच राहतो. मुठीपासून ट्रिगर लांब पडला की मूल बोटाच्या टोकानं ट्रिगर बाजूला ढकलतं, आणि गोळ्या आडव्या पसरतात. म्हणून मूठ आधी, लांबी नंतर. कापायचंच तर एकदा पुरेसं कापून सहा-सहा मिलिमीटरच्या चकत्यांनी ते परत भरावं. मूल वाढेल तशी एकेक चकती वाढवता येते. बटाचे स्क्रू मात्र तितकेच लांब घ्यावे लागतात, हे हमखास विसरतं.

ट्रिगरची कथा वेगळी. जुन्या स्वस्त रायफलींचा ट्रिगर दोन-अडीच किलोंचा, रायफल सव्वा किलोची. म्हणजे ओढण्याचा जोर रायफलीच्या वजनाच्या दुप्पट, मग ती हलणारच. २००० नंतरच्या दशकात सॅव्हेज कंपनीनं ट्रिगरच्या मधोमध पातं असलेली रचना आणली आणि पुढं तीच आपल्या ‘रास्कल’ या एक-गोळी मुलांच्या रायफलीत घातली. हलका ट्रिगर आणि सुरक्षितता एकत्र बसू लागली. जुन्या रायफलीत स्प्रिंगचा वेढा कापून वजन उतरवणं हा उद्योग करू नये. सिअरचा (पिन ताणून धरणाऱ्या खटक्याचा) पकड-कोन तसाच राहतो, दाब घटतो, आणि बोल्ट जोरात लावला की पिन आपोआप सुटते. परवानाधारक कारागिराकडून काम करून आणल्यावर तपासावं: रायफल रिकामी, नळीत डोकावून खात्री केलेली, पिन ताणलेली. बोल्ट दहा वेळा जोरात बंद करायचा. बट रबरी चटईवर वीतभर उंचीवरून आपटायचं. सेफ्टी लावून ट्रिगर ओढायचा, सोडायचा आणि मग सेफ्टी काढायची. यात एकदाही पिन सुटली तर ती रायफल रेंजवर जाणार नाही. आणि रिकामा ट्रिगर ओढण्याचा सराव बनावट काडतूस घालूनच. काही रिमफायर (काडतुसाच्या काठावर ठोका बसून पेटणाऱ्या) रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, काठाला खाच पडते आणि मग टरफलं अडकू लागतात.

हलक्या रायफलीत सर्वांत जास्त फसवतो तो प्लॅस्टिकचा पुढचा दस्ता. नळीखाली कागदाची पट्टी घालून ॲक्शनपर्यंत सरकवली तर ती सहज जाते, म्हणून लोक निर्धास्त होतात. तीच चाचणी स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) ताणून करावी. ताणाबरोबर दस्ता वाकून नळीला टेकतो, पट्टी अडकते. पडून मारलेला ग्रुप आणि टेकूवरून मारलेला ग्रुप वेगळ्या जागी का पडतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पट्टीत सापडतं. दस्ता आतून घासून मोकळा करावा, पण भिंत पातळ होऊन तो आणखी लवचीक होणार नाही इतपतच. लाकडी दस्त्यात ॲक्शनचे स्क्रू दोन ते अडीच न्यूटन-मीटरवर पुरतात; जास्त आवळले तर लाकूड दबतं आणि दर पावसाळ्यात झीरो (साइट्सची ठरवलेली जुळवणी) हलतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ते तपासलेले बरे.

आपल्याकडं या इतिहासाची फांदी एनसीसीतून येते. कॅडेटच्या हातात आलेली .२२ नंबर २ मार्क ४ ही मुळात लष्करी ली-एनफील्डचंच रूप, चार किलोंच्या घरातली. नंतरची डीलक्स त्यापेक्षा बरीच हलकी. अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन करण्यात लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांचा पुढाकार होता, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही चालते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पडून नेमबाजी) जगज्जेत्या झाल्या आणि २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं २१ वर्षांखालच्याला स्वतःचं शस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरतं, बाराव्या वर्षापासून, परवानाधारक प्रौढाच्या देखरेखीखाली वापरता येतं. नळी, ॲक्शन, ट्रिगर यांना हात लावायचा अधिकारही परवाना असलेल्या कारागिरालाच.

त्यामुळं आपल्या क्लबात एक रायफल चार-पाच मुलं वापरतात, आणि जुळवणी म्हणजे मुख्यतः बदलत्या मापांचं व्यवस्थापन असतं. प्रत्येक मुलाच्या नावासमोर वहीत पाच आकडे असावेत: बटाच्या चकत्या किती, बटप्लेट वर-खाली किती मिलिमीटर, गालपट्टीची उंची, हँडस्टॉपचं (पुढचा हात अडवणाऱ्या ठोकळ्याचं) अंतर आणि मागच्या साइटचे क्लिक. गोळ्यांचा लॉट नंबर त्याच पानावर. उंची दर तीन महिन्यांनी मोजून आधी चकत्यांचा आकडा बदलायचा. गालपट्टी त्यानंतर, आणि साइटला हात सगळ्यांत शेवटी.