चार फूट उंचीचा येमेन

येमेनच्या नैर्ऋत्य भागात तांबड्या समुद्राची तापलेली किनारपट्टी संपते आणि डोंगर सुरू होतात. इब्ब आणि तैझच्या आसपासच्या या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची ज्वारीची शेतं आहेत, बाभळीची झाडं आहेत आणि उन्हाळ्यात चांगला पाऊसही पडतो. दिवसा ऊन लखलखीत, रात्री गारवा, आणि पहाटे पुष्कळदा दाट धुकं. व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे शास्त्रीय नावाने कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस, हा रंग बदलणारा सरडा इथला आणि शेजारच्या सौदी अरेबियाच्या डोंगराळ पट्ट्यातला रहिवासी. डोक्यावर उंच हाडाचा तुरा असलेला नर शेपटीसकट दीड-दोन फूट भरतो. युरोप-अमेरिकेत घरोघरी जे शॅमेलिऑन पाळले जातात, त्यांत हा फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. तिथे त्याची पैदासही बंदिस्त जागेतच होते आणि हौशी माणसं त्याचा पिंजरा घरच्या घरी बांधतात. त्या पिंजऱ्यामागचं विज्ञान फार मजेशीर आहे.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडचा सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे, मग तो अंगणात स्वतःहून आलेला का असेना. परदेशी जातींचा व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारदरबारी नोंद करावी लागते. पुढचं सगळं वर्णन जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथलं.

पहिलं माप उंचीचं. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी. सुरक्षित वाटायला त्याला माणसाच्या नजरेच्या वर बसायला मिळावं लागतं. पूर्ण वाढलेल्या नरासाठी 60 बाय 60 बाय 120 सेंटिमीटर हे माप बहुतेक जण धरतात, आणि तो पिंजराही टेबलावर किंवा स्टँडवर ठेवतात. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यासमोरून माणूस गेला की त्या जिवाला वरून शिकारी पक्षी आल्यासारखं भय वाटतं. त्याच कारणासाठी चारही बाजूंनी आरपार दिसणारा पिंजरा नको. मागची बाजू आणि दोन्ही कडा पीव्हीसीच्या शीटने झाकाव्यात, समोरची तेवढी मोकळी ठेवावी. एका पिंजऱ्यात एकच प्राणी. जोडीने ठेवले की ते एकमेकांना सोबत करतात ही कल्पना सर्वस्वी माणसाची आहे.

चौकट पाइनच्या पट्ट्यांची चालते, पण लाकडाला पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निशचे दोन-तीन हात द्यायचे आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. जाळीबाबत लोक घाई करतात. खिडकीला लावतात ती फायबरग्लासची जाळी खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे कुरतडून पळतात. नुसत्या गॅल्व्हनाइज्ड तारेवरचं जस्त ओलाव्यात सुटू लागतं. म्हणून पीव्हीसीचा लेप असलेली, पाव इंचाहून मोठी भोकं नसलेली जाळी घ्यावी.

आता सगळीकडे जाळी की बाजूंना काच, यावर पाळणारे हिरिरीने भांडतात. उत्तर खोलीवर आहे. फ्लोरिडातल्या दमट हवेत पूर्ण जाळीचा पिंजरा उत्तम. शिकागोत किंवा बर्लिनमध्ये हिवाळ्यात हीटर चालू असतो, घरातली हवा कोरडी ठक्क असते आणि जाळीच्या पिंजऱ्यात फवारलेलं पाणी बघता बघता उडून जातं. तिथे बाजूंना काच किंवा पीव्हीसी, छताला जाळी आणि समोर तळाशी हवेसाठी एक आडवी फट, अशी रचना बरी. वरच्या बल्बने हवा तापते, हलकी होऊन छतातून बाहेर पडते आणि तिच्या जागी तळच्या फटीतून ताजी हवा ओढली जाते. चुलीवरच्या धुराड्याचंच तत्त्व. ही फट विसरली तर हवा कोंडते, बुरशी धरते आणि प्राण्याच्या फुप्फुसात संसर्ग होतो.

पिंजऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र डोळ्यांना दिसतच नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचा पट्टा, ज्याला यूव्हीबी म्हणतात, तो त्वचेतल्या 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यावर पडला की ड जीवनसत्त्व बनण्याची सुरुवात होते. पुढचा टप्पा उबेने पुरा होतो, आणि मग यकृत व मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. ते नसेल तर आतडं अन्नातलं कॅल्शिअम नीट शोषत नाही. रक्ताला कॅल्शिअम हवंच असतं, मग शरीर ते हाडांतून काढतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटते. बंदिस्त शॅमेलिऑनांमध्ये हा रोग फार दिसतो, आणि त्याचा दोष जवळजवळ नेहमीच पिंजरा बांधणाऱ्याकडे जातो.

खिडकीजवळ ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. यूव्हीबी देणारा खास नळीचा दिवा लागतो, टी5 नावाच्या बारीक नळीचा, आणि तो जाळीच्या छतावर ठेवायचा. जाळीही किरणांचा बराच वाटा, साधारण तिसरा हिस्सा, खाते. उन्हाला बसायची सगळ्यात वरची फांदी दिव्यापासून अशा अंतरावर हवी की प्राण्याच्या पाठीवर यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप, 3 च्या आसपास भरेल. नेहमीच्या 6 टक्के यूव्हीबीवाल्या नळीखाली हे अंतर बहुधा वीतभर भरतं. मोजायचं यंत्र महाग आहे, पण पाळणाऱ्यांच्या मंडळात एकाने घेतलं तरी सगळ्यांना पुरतं. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवावी: नळी डोळ्यांना तितकीच लख्ख दिसत राहते, पण तिच्यातले यूव्हीबी किरण हळूहळू क्षीण होतात. वर्षाने ती बदलायची.

मग जास्त प्रखर दिवा लावला तर जास्त चांगलं का? नाही, आणि याचं उत्तर शॅमेलिऑननेच दिलंय. 2009 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होतं ते यूव्हीबीत जास्त वेळ जाऊन बसले, ज्यांना आहारातून भरपूर मिळत होतं ते सावलीकडे सरकले. म्हणजे आपल्याला किती ऊन हवं याचा हिशेब त्या प्राण्याला येतो. आपलं काम त्याला निवड देण्याचं: वर ऊन, मधे पानांची जाळीदार सावली, खाली गर्द आडोसा. संबंध पिंजरा एकसारखा उजळला तर ही निवडच हिरावली जाते.

उष्णतेचंही तसंच. वरच्या फांदीवर 29 ते 32 अंश सेल्सिअस, तळाशी 22 ते 24. त्याला 40 ते 60 वॅटचा साधा तापणारा बल्ब पुरतो, मात्र तो पिंजऱ्याच्या आत कधीच नको. शॅमेलिऑन छताच्या जाळीला उलटा लटकतो आणि त्याचा तुरा थेट बल्बखाली येतो. म्हणून बाहेरसुद्धा बल्ब जाळीवर न टेकवता वर उचलून टांगावा. दिवे टायमरवर बारा तास. रात्री सगळा अंधार, अगदी लाल बल्बसुद्धा नाही, आणि तापमान 18 पर्यंत खुशाल उतरू द्यावं.

थंडीत त्याची जीभ चालेल का, अशी शंका येते. 2010 मध्ये अँडरसन आणि डेबान या अमेरिकी संशोधकांनी याच व्हेल्ड शॅमेलिऑनला वेगवेगळ्या तापमानांत किडे पकडायला लावलं. तापमान दहा अंशांनी उतरलं तरी जीभ बाहेर फेकण्याची क्षमता 10 ते 19 टक्केच घटली, पण जीभ परत ओढण्याची 42 टक्क्यांहून जास्त. कारण सुरेख आहे: फेक होते ती जिभेतल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या आवरणांत आधीच साठवलेल्या ताणातून, आणि ओढणं मात्र स्नायूच्या जोरावर. तेव्हा गार सकाळी तो किडा पकडेल, पण पकडणं म्हणजे पचवणं नव्हे. पचायला ऊब लागते. त्यामुळे दिवा लागून तासभर अंग शेकून झाल्यावरच खायला द्यावं, आणि किड्यांवर कॅल्शिअमची भुकटी भुरभुरावी, कारण रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शिअम फारच कमी असतं.

पाण्याच्या बाबतीत नवखा माणूस हमखास वाटी ठेवतो. शॅमेलिऑन वाटीतल्या स्थिर पाण्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाही; तो पानांवरचे चकाकणारे थेंब चाटतो. पूर्वी दिवसभर फवारे मारायची पद्धत होती. आता येमेनचं धुकं पाहून बरेच जण रात्रीकडे वळलेत: दिवे लागायच्या आधी आणि मालवल्यावर फवारा, उत्तररात्री फॉगरने धुकं, आणि दिवसा पिंजरा कोरडा होऊ द्यायचा. गारव्यासोबतचा ओलावा त्याला मानवतो. उष्णता आणि ओल एकत्र आली, हवा हलत नसली, की श्वासाचे आजार उद्भवतात. रात्री खोली गरमच राहत असेल तर फॉगरच्या फंदात पडू नये.

हे सगळं पाणी शेवटी खाली येतं, आणि घरगुती पिंजरे सडतात ते इथेच. तळाला पीव्हीसीचा पत्रा, मधे किंचित उतार, भोक, खाली बादली. हे काम चौकट उभी राहण्याआधी करायचं. नंतर केलेलं नेहमी गळतं.

फांद्या जाड-बारीक मिसळून, बऱ्याचशा आडव्या लावाव्यात. त्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशा गटांत जोडलेली असतात, पकडायला गोल फांदीच हवी. सपाट पट्टीवर तो अडखळतो. रोपं खरी लावावीत, कारण हा प्राणी पानंही खातो आणि प्लॅस्टिकची पानं पोटात अडकतात. जास्वंद, मनी प्लांट, फायकस चालतात. कण्हेर आणि रुई जवळपासही नको. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक असणारच असं धरून ती धुवावीत, माती बदलावी.

मादी असेल तर आणखी एक डबा लागतो. नराशी कधी गाठ पडली नसली तरी ती अंडी धरते, एका वेळी कित्येक डझन, आणि ती घालायला ओलसर मातीत बोगदा खणते. फूटभर खोल ओली वाळू-माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.

बांधून झालं की पिंजरा आठवडाभर रिकामाच चालवावा आणि वर, मधे, तळाशी तीन थर्मामीटर लावून आकडे लिहून ठेवावेत. त्यानंतर प्राण्याचा रंग वाचायचा. सकाळी तो अंग चपटं करून, दिव्याकडची बाजू काळवंडवून बसतो. गडद कातडी उष्णता लवकर शोषते. दुपारपर्यंत उजळ हिरवा झाला तर मापं जमलीत. दिवसभर काळपटच राहिला तर एक तर ऊब कमी आहे किंवा समोर काहीतरी त्याला घाबरवतंय, कदाचित आरशातलं त्याचं स्वतःचं प्रतिबिंब. आणि फिकट पडून, तोंड उघडं ठेवून बसला असेल तर बल्ब दोन इंच वर उचलायचा.