पैसे वसुलीचा दावा: समरी, कमर्शियल की साधा?

पैसे अडकले की माणूस वकिलाला पहिलं विचारतो, "निकाल लागायला किती वर्षं?" उत्तर बरंचसं दावा कोणत्या वाटेने दाखल होतो यावर ठरतं. आपल्याकडे ही वाट वादीच (दावा लावणारा) वादपत्रातून, म्हणजे कोर्टात दिलेल्या दाव्याच्या लेखी मजकुरातून, निवडतो, म्हणून आधी हातातले कागद नीट बघा.

सर्वांत जवळची वाट समरी सूटची, म्हणजे झटपट निकालाच्या दाव्याची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 ची. हुंडी, वचनचिठ्ठी, न वटलेला चेक, लेखी करार किंवा लेखी हमी यांवर ठरलेली रक्कम येणं असेल तरच ती मिळते. व्याज मागता येतं. वादपत्राच्या शीर्षकात दावा क्रमांकाच्या खालीच "दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 37 खाली" ही ओळ हवी, आणि या आदेशाबाहेरची कुठलीही मागणी केलेली नाही हे मजकुरात स्पष्ट हवं. लोक घसरतात ते इथेच. वचनचिठ्ठी चोख असते, पण शेवटी "मानसिक त्रासापोटी 50,000 रुपये" घातलेले असतात. ही रक्कम आधी ठरलेली नसते, कोर्टाला ती पुरावा घेऊन ठरवावी लागते, आणि त्या एका ओळीने समरीची वाट धोक्यात येते. राग मला समजतो, पण ती मागणी काढून टाका.

समन्स मिळाल्यापासून प्रतिवादीने 10 दिवसांत हजर व्हायचं असतं. तो आला नाही तर वादपत्रातला मजकूर कबूल धरून डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) होऊ शकते. आला तर वादी 'समन्स फॉर जजमेंट' (निकाल मागणारं समन्स) बजावतो आणि त्यानंतर 10 दिवसांत प्रतिवादीला प्रतिज्ञापत्रावर बचावाची परवानगी मागावी लागते. बचाव लटका वाटला तर कोर्ट रक्कम भरण्याची अट घालू शकतं. परवानगी मिळाली की पुढे दावा साध्या दाव्यासारखाच चालतो.

हातउसने दिलेले, तेही लेखी काही न घेता? मग साधा दावा. लेखी कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कोर्टाने वाढवले तर 90. त्यानंतर मुद्दे, पुरावा, उलटतपास. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "पुढच्या महिन्यात देतो" उपयोगी पडतं, पण प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र जोडा.

माल पुरवल्याची थकबाकी असा व्यापारी वाद असेल आणि मूल्य 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रकरण कमर्शियल कोर्टाचं. 2018 च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा 1 कोटी होती. मित्राला घरखर्चासाठी दिलेले 5 लाख मात्र यात बसत नाहीत. इथे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे (कमर्शियल कोर्ट कायद्याचं कलम 12अ). जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मध्यस्थीत गेलेला काळ दावा लावण्याच्या मुदतीत धरत नाहीत. हा टप्पा गाळला तर वादपत्र फेटाळलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन खटल्यात 2022 मध्ये स्पष्ट केलं. लेखी करार असेल तर कमर्शियल कोर्टातही समरी सूट टाकता येतो. नाहीतर लेखी कैफियतीला फार तर 120 दिवस. त्यानंतर ती घेतली जात नाही.

कागद असे: मूळ चिठ्ठी किंवा चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी), बँकेचा खातेउतारा, बिलं व डिलिव्हरी चलन, नोटीस आणि तिची पोचपावती, वकीलपत्र, पत्ता मेमो, सत्यापनाचं प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी. भागीदारी पेढीचा दावा असेल तर नोंदणीचा दाखला हवाच. नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून त्रयस्थावर दावा करता येत नाही. व्याजाने पैसे देणं हाच धंदा असेल तर सावकारी परवाना लागतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दावा लावण्याची मुदत 3 वर्षं. "मागाल तेव्हा परत करीन" अशा चिठ्ठीत ती मागणीपासून नव्हे, चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात. कितीतरी जण इथे फसलेले पाहिलेत. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून बाकी कबूल केली तर त्या दिवसापासून नवी 3 वर्षं मिळतात.

अधिकार नसलेल्या कोर्टात दावा गेला तर वादपत्र योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळतं. तिथे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वगळून घेता येतो, पण तुम्ही प्रामाणिकपणे आणि तत्परतेने दावा चालवत होतात हे तुम्हालाच दाखवावं लागतं. त्यासाठी रोजनाम्याच्या (कोर्टातल्या दर तारखेच्या नोंदींच्या) नकला जपून ठेवा.