देह सापडला नाही, तेव्हा: मृत्यू सिद्ध होणं आणि मृत्यू गृहीत धरणं

17 डिसेंबर 1967 रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट व्हिक्टोरियातल्या शेव्हिअट बीचवर पोहायला उतरले. समुद्र खवळलेला होता. सोबतच्या माणसांच्या डोळ्यांदेखत ते दिसेनासे झाले आणि मोठी शोधमोहीम होऊनही देह मिळाला नाही. दोनच दिवसांनी नव्या पंतप्रधानांचा शपथविधी झाला.

नोव्हेंबर 1974 मध्ये लंडनचे लॉर्ड लूकन नाहीसे झाले. त्यांच्या कुटुंबाच्या घरात मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा खून झाला होता. त्यांनी वापरलेली गाडी रक्ताच्या डागांसह न्यूहेवन या बंदराच्या गावी सापडली. ते बुडाले, पळाले की कुणी त्यांना लपवलं, हे आजवर कळलेलं नाही.

दोघांचेही देह मिळाले नाहीत, म्हणून ही प्रकरणं सारखी वाटतात. पण होल्ट यांच्या बाबतीत मृत्यूकडे बोट दाखवणारा पुरावा होता: जागा, वेळ, लाटा, साक्षीदार. 2005 मध्ये कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) अपघाती बुडून मृत्यू झाल्याचा निष्कर्ष दिला तोही त्यावरच. लूकन यांच्याबाबत मुख्य आधार राहिला तो वर्षानुवर्षांच्या शांततेचा. त्यामुळे 1999 मध्ये त्यांना मालमत्तेपुरतं मृत मानलं गेलं, तरी घराण्याची पदवी मुलाकडे जायला 2016 चा मृत्यूचा दाखला लागला. त्या दाखल्यानेही ते कुठे आणि कसे गेले हे सांगितलं नाही.

आपल्याकडे गल्लत होते ती इथेच. ‘सात वर्षं झाली की माणूस मेला’ असं सर्रास म्हटलं जातं. भारतीय पुरावा कायद्याचं कलम 108 (1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 111) एवढंच म्हणतं की, माणूस जिवंत असता तर ज्यांना सहज खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. मृत्यूचं हे गृहीतक आपोआप लागू होत नाही. प्रश्न न्यायालयापुढे किंवा तशा अधिकाऱ्यापुढे यावा लागतो. आणि माणूस परतला, तर ते कोसळतं.

सगळ्यात जास्त पोळतो तो तारखेचा मुद्दा. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, या कलमातून मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची वेळ नाही. सहा वर्षं 364 दिवसांनीही हे गृहीतक धरता येत नाही. माणूस बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला, असं म्हणायचं असेल तर ते वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं. मधल्या काळात हप्ते थकून पॉलिसी बंद पडली असेल, तर घरच्यांचा दावा अडचणीत येतो. घरातला कमावता माणूस नाही, तो जिवंत की मृत हेही ठाऊक नाही, आणि त्याच्या नावाचे हप्ते मात्र भरत राहायचे! कायद्याचं तर्कशास्त्र मला पटतं, पण हा भार कुटुंबावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून माणूस हरवला की लगेच पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार द्यावी, तिची प्रत जपावी आणि विमा कंपनीला व बँकेला लेखी कळवावं. सात वर्षं तक्रार दिल्यापासून नव्हे, तर माणसाची शेवटची खबर मिळाली तेव्हापासून मोजली जातात. पण ती खबर कधीची, हे दाखवायला पहिला कागद हाच असतो.

उलट, दुर्घटनेत सात वर्षं थांबायची सक्ती नसते. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ता असताना शोध थांबला. तिथे माणूस त्या रात्री वाडीत होता, हे दाखवणारा पुरावा महत्त्वाचा ठरतो, कारण वाट होल्ट यांच्या प्रकरणासारखी असते. 2013 च्या केदारनाथ प्रलयानंतरही बेपत्तांच्या मृत्यूनोंदीसाठी वेगळी कार्यपद्धती आखली गेली.

जोडीदाराचा प्रश्न आणखी निराळा आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार सात वर्षं जोडीदार हयात असल्याचं कळलं नसेल, तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. त्यासाठी स्वतःला विधवा किंवा विधुर म्हणवून घ्यावं लागत नाही.