गुठळी तिथेच धरली की वाहत आली? आय६३.३ आणि आय६३.४ मधला फरक

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली आणि पलीकडचा भाग रक्ताविना मेला, की इस्केमिक स्ट्रोक झाला. इथपर्यंत कुणाचा गोंधळ होत नाही. अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करताना, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड देताना, हात थांबतो तो पुढच्या प्रश्नावर: गुठळी त्याच नळीत धरली, की दुसरीकडे तयार होऊन रक्ताबरोबर येऊन अडकली? आधीच्या प्रकाराला थ्रॉम्बोसिस म्हणतात, नंतरच्याला एम्बोलिझम. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही निदानांच्या कोडांची यादी लागू आहे आणि त्यात दोन्हींची घरं वेगळी आहेत. मेंदूच्या आतल्या धमन्यांसाठी थ्रॉम्बोसिसला आय६३.३ आणि एम्बोलिझमला आय६३.४. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड, व्हर्टिब्रल, बॅसिलर या धमन्यांसाठी अनुक्रमे आय६३.० आणि आय६३.१.

आय६३.३१२ आणि आय६३.४१२ हे कोड शेजारी ठेवून बघा. शेवटचा २ म्हणजे डावी बाजू, त्याआधीचा १ म्हणजे मिडल सेरेब्रल आर्टरी, चार्टातली एमसीए. दोन्हीत धमनी तीच, बाजू तीच, मेलेला भागही तोच असू शकतो. फरक फक्त एका आकड्याचा, आणि तो आकडा गुठळीचं जन्मस्थान सांगतो.

थ्रॉम्बोसिसमध्ये धमनीची भिंत आधीपासून खराब असते. वर्षानुवर्षं चरबीचा थर साचलेला असतो, तो फुटतो आणि तिथेच रक्त गोठतं. लक्षणं कधी कधी पायरीपायरीने वाढतात. एम्बोलिझममध्ये धमनी स्वतः धडधाकट असू शकते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त तिथे साचून राहतं आणि गुठळी धरते. ती सुटली की काही क्षणांत मेंदूत पोहोचते, म्हणून झटका एकदम आणि पूर्ण जोरात येतो. स्कॅनवर वेगवेगळ्या धमन्यांच्या हद्दीत एकाच वेळी इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताविना मेलेले भाग, दिसले, तर डॉक्टरांना हृदयाचा संशय येतो.

सगळ्यात फसवा प्रकार या दोन्हींच्या मधला आहे. मानेतल्या कॅरोटिडमध्ये थर साचला, त्यावर गुठळी धरली, तिचा तुकडा तुटून वर गेला आणि एमसीएत रुतला. मुळाशी थ्रॉम्बस, म्हणजे जागीच धरलेली गुठळी, आहे म्हणून नवा कोडर ३ कडे वळतो. पण एमसीएच्या दृष्टीने ती पाहुणी आहे, बाहेरून आली आहे. डॉक्टरांनी आर्टरी-टू-आर्टरी एम्बोलिझम लिहिलं असेल तर ४ हाच आकडा. ‘थ्रॉम्बोएम्बोलिक स्ट्रोक’ या शब्दातही दोन्ही शब्द एकत्र बांधलेले असल्याने गोंधळ होतो. कोडांच्या यादीच्या इंडेक्समध्ये थ्रॉम्बोएम्बोलिझम उघडलंत तर तिथून तुम्हाला एम्बोलिझमकडेच पाठवतात. म्हणून म्हणते, कितीही अनुभव असला तरी इंडेक्स उघडा.

आता रोज भेटणारा चार्ट घ्या. डिस्चार्ज समरीत तीन ओळी: ‘डाव्या एमसीएत ऑक्लूजन, त्यामुळे ॲक्यूट इन्फार्क्ट. एट्रियल फिब्रिलेशन. ॲपिक्साबॅन सुरू केलं.’ ॲपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारं औषध, त्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की गुठळी हृदयातून आली असणार. कोडरला मात्र ते ‘कळून’ चालत नाही. डॉक्टरांनी कारण जोडलेलं नाही, म्हणून हा चार्ट आहे तसा आय६३.५१२ वर जातो, म्हणजे कारण न सांगितलेलं ऑक्लूजन (धमनी बंद पडणं). ४ लावायचा असेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवावी लागते, आणि तीही उत्तर डॉक्टरांच्या तोंडी न घालता. ‘हा कार्डिओएम्बोलिक (हृदयातून आलेल्या गुठळीचा) स्ट्रोक आहे ना?’ असं विचारायचं नाही. चार्टातले पुरावे मांडायचे आणि पर्याय द्यायचे: थ्रॉम्बोसिस, एम्बोलिझम, इतर कारण, ठरवता येत नाही. निदान डॉक्टरांचं, आकडा आपला.

दाखल पेशंटच्या बाबतीत एक सवलत आहे. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘बहुधा कार्डिओएम्बोलिक’ लिहिलं असेल, तर ते ठाम निदान असल्यासारखं कोड करता येतं. ओपीडीत हेच ‘बहुधा’ चालत नाही.

थ्रॉम्बोसिस हा शब्द शिरांच्या बाबतीतही येतो, पण मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन इन्फार्क्ट झाला तर तो आय६३.६. अगदी बारीक धमन्यांचा लॅक्युनर स्ट्रोक आय६३.८१, हा कोड १ ऑक्टोबर २०१८ ला आला.

बिलाचं काय, हे पहिल्याच आठवड्यात सगळे विचारतात. मेडिकेअर या अमेरिकन सरकारी आरोग्य विम्याच्या हिशोबात ३ आणि ४ दोन्ही एकाच गटात पडतात: एमएस-डीआरजी ०६४ ते ०६६ (डीआरजी म्हणजे ॲडमिशनची रक्कम ठरवणारा गट). गुठळी विरघळवणारं औषध त्याच हॉस्पिटलात दिलं असेल तर ०६१ ते ०६३. ते आधीच्या हॉस्पिटलात देऊन पेशंटला चोवीस तासांच्या आत पुढे पाठवलं असेल, तर पुढच्या हॉस्पिटलाने झेड९२.८२ लावायचा. रक्कम हलते ती सोबतच्या निदानांनी. मेंदूला सूज, म्हणजे जी९३.६, ही एमसीसी आहे, म्हणजे रक्कम सर्वाधिक वाढवणारं सोबतचं निदान. अर्धांगाचा जी८१.९ सीसी आहे, म्हणजे त्याहून कमी वाढवणारं. एट्रियल फिब्रिलेशन नुसतं लिहिलं तर आय४८.९१, त्याने काही मिळत नाही. ‘पर्सिस्टंट’ (टिकून राहिलेलं) लिहिलं तर ते सीसी ठरतं.

मग ३ की ४ यावर एवढा जीव का टाकायचा? कारण पेशंटचं पुढचं औषध गुठळी कुठून आली त्यावर ठरतं. धमनीतल्या थराने झालेल्या स्ट्रोकला सहसा ॲस्पिरिनसारखं प्लेटलेटवरचं औषध देतात, फिब्रिलेशनमुळे झालेल्याला रक्त पातळ करणारं. आय६३.५ वर सोडून दिलेला चार्ट क्लेम म्हणून पास होईल, पण रेकॉर्डमध्ये कारणाची जागा रिकामी राहील.

ती जागा नंतर भरताही येत नाही. पेशंट घरी गेला की फॉलोअपला आय६३ लावायचा नसतो. बोलणं किंवा हातपाय अधू राहिले असतील तर आय६९.३, काहीच उरलं नसेल तर झेड८६.७३. ओपीडीच्या बिलावर जुना स्ट्रोक ॲक्यूट म्हणून लावणं ही ऑडिटमध्ये हमखास सापडणारी चूक आहे. आणि आय६९.३ मध्ये थ्रॉम्बोसिस-एम्बोलिझम असा भेदच नाही, तिथे नुसता ‘इन्फार्क्टनंतरचा परिणाम’ उरतो. गुठळी कुठून आली हे कोडमध्ये लिहायची संधी त्या एका ॲडमिशनपुरतीच असते. त्यामुळे असा चार्ट हातात आला की मी बिल थांबवते आणि क्वेरी त्याच दिवशी पाठवते.