चेल्सी की चका? आधी जीन्सचा बॉटम बघा

‘घोट्यापर्यंतचे लेदरचे बूट आहेत ना, मग कुठल्याही जीन्सवर चालतात.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की आता ते दिसलं तरी चिडचीड होते. या सल्ल्यावर विसंबून कुणीतरी स्लिम जीन्सवर चका, म्हणजे लेसचा घोट्यापर्यंतचा बूट, घालतो. जीन्सची कड बुटाच्या तोंडावर अडकून बसते, पाऊल पोत्यातून बाहेर आल्यासारखं दिसतं, आणि शेवटी नाव ठेवलं जातं ते बुटाला. बूट चांगले असतात आणि जीन्सही चांगली असते, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

चेल्सीची ओळख करून द्यायला नको. लेस नाही, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, मागे ओढायची पट्टी. व्हिक्टोरिया राणीसाठी बूट बनवणाऱ्या जे. स्पार्क्स-हॉल यांनी १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चेल्सी हे लंडनच्या वस्तीचं नाव त्याला शंभरेक वर्षांनी चिकटलं. एवढं पुरे.

चका म्हणजे दोन किंवा तीन जोड भोकांचा, लेस बांधायचा, घोट्याशी संपणारा बूट. डेझर्ट बूट हा चकाचाच एक प्रकार: क्रेप रबराचा सोल, बहुतेकदा स्वेड (मऊ लव असलेलं) लेदर, आत अस्तर नाही. ‘क्लार्क्स’ या इंग्लिश बूट कंपनीच्या घराण्यातले नेथन क्लार्क दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात असताना त्यांनी अधिकाऱ्यांच्या पायात असे बूट पाहिले आणि १९५० च्या सुमारास ते बाजारात आणले. डेझर्ट बूट म्हणजे चका असतोच, पण प्रत्येक चका डेझर्ट बूट नसतो.

लेस आणि इलॅस्टिक हाच या दोघांतला फरक, असं बहुतेकांना वाटतं. तो डोळ्यांना दिसणारा फरक झाला. जीन्सच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते बुटाचं वरचं तोंड.

चेल्सीचं तोंड पायाला धरून असतं. इलॅस्टिक ते आत ओढून घेतं, बाजू सपाट राहतात, वर काही उंचवटा नसतो. शिवाय तो घोट्याच्या हाडाच्या बराच वर जातो. त्यामुळे अरुंद जीन्सची कडही त्यावरून सहज घसरून खाली येते. बसताना जीन्स वर सरकली तरी खाली लेदरच दिसतं.

चकाचं तोंड उघडं असतं. त्याची लेस पावलाच्या वरच्या भागाला आवळते, घोट्याच्या भोवती नाही. वरची कड पायापासून थोडी सुटलेली राहते, आणि अस्तर नसलेल्या मऊ स्वेडमध्ये तर ती वापरून वापरून बाहेर कलते. पुढे जीभ, लेसची गाठ आणि लेदरची दोन टोकं, असा सगळा उंचवटा. जीन्सची कड नेमकी इथेच येऊन टेकते. बॉटम, म्हणजे जीन्सच्या पायाचं खालचं तोंड, अरुंद असेल तर कड गाठीवर अडकते, मागून बुटात शिरते, आणि चालताना दर थोड्या वेळाने खाली ओढावी लागते.

म्हणून जीन्स निवडताना मांडीकडे नाही, बॉटमकडे बघा. इथे ‘स्लिम’ आणि ‘टेपर्ड’ या लेबलांचा गोंधळ आणखी भर घालतो. स्लिम म्हणजे मांडीला अंगाबरोबर. टेपर्ड म्हणजे गुडघ्याखाली निमुळती होत जाणारी. मांडीला ऐसपैस असलेली टेपर्ड जीन्स खाली स्लिमपेक्षाही अरुंद असू शकते, आणि ‘ढगळ आहे, बुटावर बसेल’ म्हणून घेणारा फसतो. लिव्हाइजचे आकडे ओळखीचे असतील तर सोपं आहे: ५१२ स्लिम टेपर, ५११ स्लिम, ५०१ सरळ, ५१७ बूटकट. कंपनी कुठलीही असो, जीन्स सपाट पसरा, खालची रुंदी टेपने मोजा आणि दुप्पट करा. मग बूट पायात घालून, लेस बांधून, त्याच्या तोंडाचा घेर मोजा. जीन्सचा घेर त्याहून स्पष्टपणे मोठा हवा. कसाबसा बरोबरीत आला तर ती जीन्स अडकणार.

तर चेल्सीला स्लिम किंवा बेताची टेपर्ड, आणि चकाला सरळ जीन्स. चेल्सीवर सरळ जीन्सही चालते, फक्त इलॅस्टिक झाकलं जातं आणि तो साध्या बुटासारखा दिसतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. चकावर स्लिम घालायचीच असेल तर ती दुमडा, म्हणजे कड बुटाच्या तोंडाच्या किंचित वर येऊन थांबेल आणि अडकायचा प्रश्नच उरणार नाही. दुमड एक किंवा दोन, बोटभर रुंद. त्याहून जास्त नको.

चेल्सीवर मात्र जीन्स दुमडू नका. त्या बुटाचं सगळं सौंदर्य पायापासून टाचेपर्यंत न तुटणाऱ्या रेषेत आहे. दुमड त्या रेषेवर आडवी येते, आणि वर इलॅस्टिक व पट्टी उघडी पडते, जी दाखवायची वस्तू नाही. चेल्सीच्या आत जीन्स खोचणं तर मला अजिबात मान्य नाही. इलॅस्टिक ताणून सैल होतं आणि एकदा सैल झालं की बूट पुन्हा पायाला धरत नाही. जीन्स लांब असेल तर शिंप्याकडून उंची कमी करून घ्या. घोट्यावर एखादी चुणी ठीक आहे, चुण्यांचा ढीग नको.

बूटकटचं नाव ऐकून ती कुठल्याही बुटावर चालेल असं समजू नका. ती उंच काउबॉय बुटांवरून खाली पडावी म्हणून गुडघ्याखाली रुंद केलेली असते. चका तिच्यात बुडून जातो. टाच असलेला चेल्सी मात्र तिच्याखाली छान उभा राहतो. अगदी बॅगी जीन्सवर दोन्हींपैकी काहीच पटत नाही, तिथे जाड सोलचे बूट घ्या.

राहिला रंग. नव्या, न धुतलेल्या गडद निळ्या जीन्सचा रंग सुटतो आणि फिक्या स्वेडच्या चकाला वरच्या कडेला निळा पट्टा पडतो. स्वेडमधून तो काढणं फार कठीण. चेल्सी गुळगुळीत लेदरचा असेल तर पुसून बरंच निघतं. डेनिममध्ये ताण्याचे (उभे) धागे निळीत रंगवतात आणि बाण्याचे (आडवे) पांढरे ठेवतात, त्यामुळे जीन्सची आतली बाजू फिकी असते. दुमडल्यावर तीच बाहेर येते आणि कड बुटापासून वर राहते, म्हणून दुमडलेल्या जीन्सखाली चकाला डाग कमी लागतात. फिका चका आणि कोरी जीन्स दोन्ही एकदमच घेतली असतील, तर जीन्स दोनतीनदा उलटी करून गार पाण्यात धुवा आणि तोवर ती गडद बुटांवर घाला.